बिनचेहऱ्याचा बटाटा

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा पाय कसा आहे ते सविस्तर कळव. (डावा म्हणतोय मी. उजव्याबद्दल कधीच तक्रार नव्हती, तो पहिल्यापासून समजूतदार आहे.) मागच्या पत्रात "बरा आहे" एवढ्या दोन शब्दांत तू पायाचा निकाल लावलास, तसं करू नकोस. गुडघा किती वाकतो, कुबड्या दोन की एक, जिना चढून बघितला की नाही, हे सगळं लिही. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या बाईला आपण ज्या खुर्चीवर चढतोय तिला खाली चाकं आहेत हे दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं. पण तू आजारी आहेस, म्हणून मी बोलत नाही. पडदे मी नंतर काढून धुतले. शिडीवर चढून.

माझी प्रकृती उत्तम. तुझ्या नवऱ्याचं बंदरावरून पत्र आलं होतं, त्याचीही उत्तम, फक्त त्याच्या जहाजाचं इंजिन आजारी आहे. आणि तुझी लेक फिरकीही उत्तम आहे. आज सकाळचं वजन बावीस किलो तीनशे पन्नास ग्रॅम, दप्तराशिवाय. मधे ते थोडं खाली गेलं होतं, ते का गेलं आणि परत वर कसं आलं हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. तेव्हा घाबरू नकोस आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं सोडून शेवट बघायची तुझी सवय मला माहीत आहे.

परगावच्या इस्पितळात जाण्याआधी मुलीला माझ्या घरी सोडताना तू तिच्या कपड्यांच्या पिशवीत वर एक पुस्तिका ठेवली होतीस. "पाच मिनिटांत पौष्टिक डबा: मुलांसाठी चाळीस सोप्या कल्पना." शाळेच्या आहारसल्लागार बाईंनी लिहिलेली, शाळेने घरोघर वाटलेली, गुळगुळीत कागदाची. (या बाईंना मी मनात पोषणबाई म्हणतो. पुढे तसंच लिहीन.) धाकटे, मी एकतीस वर्षं वजनमापं तपासली. दुकानादुकानांत जाऊन खोटे काटे पकडले, तळाला मेण लावलेली मापं पकडली, दांडीला लोहचुंबक चिकटवलेले तराजू पकडले. पण या पुस्तिकेतल्या "पाच" या आकड्याइतकं खोटं माप माझ्या उभ्या नोकरीत माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी पान तीन उघडलं. गाजराचं फुलपाखरू. "प्रथम गाजराच्या पातळ चकत्या करून घ्याव्यात. घरात सहज असणाऱ्या फुलपाखराच्या साच्याने त्या कापाव्यात." घरात सहज! माझ्या घरात सहज काय असतं ते तुला ठाऊक आहे. एक पातेलं, एक कढई, दोन ताटं आणि पितळी तराजू. साचा नव्हता म्हणून मी कात्रीने पंख कापले. काकडीचं धड, वाटाण्याचे डोळे, आणि मिशा म्हणून कांद्याच्या पातीचे दोन तंतू, जे बसवायला मी शेवटी घड्याळजीचा चिमटा वापरला. सगळं मिळून बावन्न मिनिटं. मी स्टॉपवॉच लावलं होतं, अंदाजाने बोलत नाही. त्यात माझं बोट कापलं ती मिनिटं धरलेली नाहीत. इतकं करून त्या फुलपाखराचं खाण्यालायक वजन भरलं अठ्ठेचाळीस ग्रॅम. बावीस किलोच्या वाढत्या मुलीला अठ्ठेचाळीस ग्रॅम! फुलपाखरालासुद्धा ते पुरलं नसतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, "मुलांना या कामात सहभागी करून घ्यावे, त्यांना मजा येते." घेतलं. मजा आली. भिंत अजून धुवायची आहे.

दुसऱ्या दिवशी भाताचं अस्वल. तिसऱ्या दिवशी पालकाच्या पानात गुंडाळलेली होडी, तिला काडीचं शीड. चौथ्या दिवशी बिटाचं घर, छपरासकट. त्या घराला एका तासात अशी गळती लागली की शेजारचा भात, काकडी, रुमाल आणि गणिताची वही या सगळ्यांना एकच रंग आला. पोषणबाईंच्या पुस्तिकेत फोटोतलं घर मात्र कोरडं ठणठणीत होतं. (मी भिंगातून बघितलं. ते बीट नव्हतं. रंगवलेला लाकडी ठोकळा असावा असा माझा तज्ज्ञ म्हणून संशय आहे.) प्रत्येक पानाच्या शेवटी "किती सोप्पं!" असं छापलेलं, पुढे उद्गारचिन्ह. सोप्या गोष्टीला उद्गारचिन्ह लागत नाही. पाणी प्या, याच्यापुढे कुणी उद्गारचिन्ह देतं का?

तरी मी नेटाने करत राहिलो, कारण डबा रोज रिकामा येत होता. सकाळी तो भरून तोलायचा, नोंद करायची, दुपारी आल्यावर परत तोलायचा. तुझा तो चिमुकला प्लास्टिकचा डबा या कलाकुसरीला पुरेना, म्हणून मी माझा ऑफिसचा तीन खणांचा स्टीलचा डबा तिला दिला होता. सलग आठ दिवस त्यात एक शितसुद्धा उरलं नाही. गेल्या पत्रात मी यावरून थोडी फुशारकी मारली होती. "तुला जे आठ वर्षांत जमलं नाही" वगैरे. ते वाक्य मी मागे घेतो. त्यानंतरचं "माणसाकडे शिस्त लागते" हे वाक्यही मागे घेतो, एकदमच.

नवव्या दिवशी मला चष्म्याची काडी बसवून घ्यायला शाळेच्याच रस्त्याला जायचं होतं, म्हणून तिला आणायला मीच गेलो. एरवी ती एकटी येते, चार तर घरं ओलांडायची. मला फाटकाशी बघून तिचा चेहरा का उतरला ते मला तेव्हा कळलं नाही. तिच्या हातातला डबा मी घेतला तर हात खाली गेला. धाकटे, माझ्या हाताला पाच-दहा ग्रॅमचा फरक कळतो, हे तू लग्नाआधी सोन्याच्या बांगड्या घेताना बघितलं आहेस. आम्ही कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या दुकानावरून जात होतो (पंक्चर काढतो तो, मिशीला कायम काळं लागलेलं असतं), तेवढ्यात तो आतून ओरडला,

"काय गं पोरी, आज उशीर? शेळ्या कधीच्या ओरडतायत!"

फिरकी पायाकडे बघायला लागली. दुकानामागून दोन शेळ्या माना लांब करून आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे नव्हे, डब्याकडे बघत होत्या. तकतकीत शेळ्या. अंगावर अशी झळाळी की पोषणबाईंनी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापाव्यात.

घरी येऊन मी डबा काट्यावर ठेवला. सकाळी गेला होता दोनशे नव्वद ग्रॅम माल घेऊन. परत आला एक किलो एकशे चाळीस! पहिल्यांदा मी काट्यावरच संशय घेतला. प्रमाणित वजनं आणून काटा तपासला. काटा निर्दोष. वाटेत माल घटताना मी हजारदा बघितला आहे, वाटेत माल चौपट झालेला बघायची ही पहिलीच वेळ. उघडलं तर आत सगळा वर्ग. माझं अस्वल होतंच (दुसऱ्यांदा केलेलं, जास्त सुबक), त्याच्याबरोबर आणखी तीन अस्वलं, पाचसहा फुलपाखरं, मोडक्या होड्या, कोंड्याचे लाडवासारखे गोळे, एक ससा ज्याचा एक कान कुणीतरी भीतभीत चावून बघितला होता, आणि या सगळ्याकडे टक लावून बघणारे शेकड्याने वाटाण्याचे डोळे.

मी विचारलं नाही. नुसता समोर बसलो. ही माझी जुनी पद्धत आहे, भलेभले दुकानदार यात फुटले. फिरकी साडेतीन मिनिटं टिकली. मग म्हणाली, "कुणाला सांगणार नाहीस ना?"

मी म्हणालो, "हं."

हा "हं" लक्षात ठेव, पुढे त्यावरून महाभारत झालं आहे.

तर प्रकार असा. जेवणाची सुट्टी संपली की वर्गबाई डबे तपासतात. रिकामा डबा दिसला की भिंतीवरच्या तक्त्यावर त्या मुलाच्या नावापुढे सोनेरी तारा. सतरा मुलांचा वर्ग, सतरा घरांत तीच पुस्तिका, सतरा आया आणि बाप सकाळी उठून तीच चित्रं काढतात, आणि मुलांना त्यातलं काही खाववत नाही. का, असं मी विचारलं. उत्तर असं मिळालं, "मामा, त्याला डोळे असतात. आपण खाताना ते बघतं." मी एकतीस वर्षांत इतकं नेमकं तांत्रिक कारण कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. मग आमच्या फिरकीने, तिचा डबा सगळ्यांत मोठा म्हणून, सगळ्यांचा माल गोळा करायचं ठरवलं. तपासणीला ती तुझा तो प्लास्टिकचा डबा रिकामा पुढे करायची, स्टीलचा दप्तराआड. तारे सगळ्यांना, माल शेळ्यांना. शेळ्यांना डोळ्यांची हरकत नव्हती. फक्त बिटाचं घर त्यांनीही सोडलं होतं. आणि ही सतरा मुलं सकाळी आठपासून दुपारी अडीचपर्यंत पाण्यावर राहून, घरी गेल्यावर "आज खूप भूक लागली" म्हणत होती, आणि घरोघरी त्याचा अर्थ "पौष्टिक खाण्याने भूक वाढते" असा लावला जात होता.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं आहे. इथून पुढे थोडं कमी आहे.

त्याच शनिवारी पालकसभा होती. शाळेच्या त्या लांबट खोलीत, मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून आम्ही सगळे बसलेलो. पोषणबाई पुढे उभ्या. पस्तिशीच्या, कडक इस्त्रीच्या, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हो ना?" म्हणणाऱ्या. (त्यांनी मला दारातच "आजोबा, तुम्ही पंख्याखाली बसा हं" म्हटलं. मी मामा आहे असं सांगितलं. "हो ना?" म्हणाल्या.) भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता. त्याच्यावर छडी फिरवत त्या सांगत होत्या की हा वर्ग म्हणजे चमत्कार आहे, सतरापैकी सतरा डबे रिकामे, सलग दोन आठवडे, आता ही पुस्तिका इतर शाळांतही वाटायचं चाललं आहे, कल्पना चाळीसच्या साठ करणार, हो ना? आणि समोर बसलेले सतरा घरांतले लोक, ज्यांच्या बोटांना माझ्यासारख्याच चिकटपट्ट्या होत्या, माना डोलवत होते.

धाकटे, खोटा आकडा समोर भिंतीवर लावलेला आहे आणि मी गप्प बसलो, असं आजवर झालेलं नाही. मी उठलो. खिशातून नोंदवही काढली. तारीखवार वाचून दाखवलं. जाताना माल इतका, येताना माल इतका. डबे रिकामे आहेत हे खरं, म्हणालो, पण पोटंही रिकामी आहेत, आणि या खोलीतलं सगळं पोषण कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या दोन शेळ्यांच्या अंगी लागलं आहे, कुणाला बघायचं असेल तर मी येतो बरोबर. आणि मग (हे लिहिताना पेन अडखळतंय) कुणीतरी विचारलं, "पण शेळ्यांपर्यंत गेलं कसं?" तर तेही मी सांगितलं. कुणाच्या डब्यातून ते. कागद पूर्ण असावा म्हणून.

खोलीत एकच गलका. एक आई रडायला लागली, तिने म्हणे होडीचं शीड शिवणाच्या मशीनवर शिवलं होतं. एका बापाने वाटाण्याचे डोळे सोलायचं काय ते वर्णन करून सांगितलं. पोषणबाई छडी हातात धरून तशाच उभ्या, "हो ना" सुद्धा नाही. मी घरी आलो तो अशा थाटात की जणू मोठी धाड यशस्वी करून आलोय. बाहेरच्या खोलीत फिरकी चित्र रंगवत होती. मी तिला म्हणालो, आता तुमची सुटका झाली बघ.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू हं म्हणाला होतास."

मी समजावलं की "हं" म्हणजे मी ऐकलं, एवढाच अर्थ होतो. "हो" असतं तर गोष्ट वेगळी. दफ्तरी भाषेत ऐकणं आणि मान्य करणं यात मोठा फरक असतो. तिने रंगांची पेटी बंद केली आणि आतल्या खोलीत गेली.

सोमवारी सतराच्या सतरा मुलांचे तारे काढले गेले. तक्त्यावर नुसते डिंकाचे डाग राहिले. वर्गाला शिक्षा अशी की जेवणाच्या सुट्टीत खेळायला जायचं नाही, पोषणबाईंच्या समोर बसून डबा खायचा. आमची फिरकी दोन्हीकडून गेली. शाळेच्या लेखी ती म्होरकी, आणि मुलांच्या लेखी चहाडखोर मामाची भाची. तिच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. हे मला तिने नाही सांगितलं. ती माझ्याशी बोलतच नव्हती. जेवायला बसताना खुर्ची टेबलाच्या पार टोकाला न्यायची, आणि मीठ हवं असेल तर चिठ्ठी लिहायची. "मीठ." खाली सही. मी सांगितलं की कामाच्या चिठ्ठीवर तारीखही लागते, तर दुसऱ्या दिवसापासून तारीखही घालायला लागली. बोलणं नाहीच. ही माझी भाची शोभते, असं तेव्हा एका बाजूने मला वाटलंही, पण दुसऱ्या बाजूने माझंही ताट अर्धं राहायला लागलं.

डबा चार दिवस तोलाला तोल परत येत होता. मी फुलपाखरं बंद केली, तिला आवडतं म्हणून साधा लोणी लावलेला ब्रेड दिला. तोही परत. वजन बावीस चारशेवरून एकवीस नऊशेवर आलं. धाकटे, अर्धा किलो म्हणजे कागदावर काहीच नाही. साखरेच्या पोत्यात एवढी घट मी डोळे झाकून सोडून दिली असती. पण त्या दिवशी ती काट्यावरून उतरताना मी तिचे ते बारीक पाय बघितले, आणि मग नोंदवही मिटून ठेवली. त्यानंतरची नोंद त्यात दोन दिवस नाही. कधी विचारलंस तर वही हरवली होती असं सांगीन.

शुक्रवारी माझा स्वतःचा डबा घेऊन मी शाळेत गेलो. माझ्या डब्यात रोज काय असतं ते तुला माहीत आहे. उकडलेले बटाटे, मीठमिरपूड, एखादं अंडं, ब्रेडचा जाड तुकडा, एक केळं. शिपायाने अडवलं, मी म्हटलं तपासणीला आलोय. (जुनी सवय. तो बाजूला झाला.) त्या लांबट खोलीत मुलं ओळीने बसलेली, समोर उघडे डबे, पोषणबाई मधून फिरतायत आणि कुणीही काही खात नाही. स्मशानशांतता आणि सोळा फुलपाखरं. शेवटच्या बाकावर फिरकी एकटी.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. त्या बाकाची उंची चौदा इंच आहे, माझ्या गुडघ्यांनी जो आवाज केला त्याने निम्मा वर्ग मागे वळला. डबा उघडला, बटाटा सोलला, मीठ भुरभुरलं आणि खायला लागलो. ती खिडकीकडे बघत होती. मग खिडकीकडेच बघत म्हणाली,

"काय खातोयस?"

"बटाटा."

"कसला?"

"कसला म्हणजे? बटाटा."

"त्याला काय केलंय?"

"उकडलाय."

तिने मान वळवून नीट बघितलं. "त्याला चेहरा नाहीये?"

"नाही."

मी अर्धा तिच्या झाकणात ठेवला. तिने हात लावला नाही. "आधी सॉरी म्हण," म्हणाली.

मी म्हटलं. आयुष्यात दुसऱ्यांदा. (पहिल्यांदा साहेबांना म्हटलं होतं, तेही लेखी आणि अट घालून.) तर ती म्हणाली, मला नाही, सगळ्यांना. सगळ्यांना एकदम म्हटलं तर चालेल का, विचारलं. नाही चालणार, कारण मी सगळ्यांचं एकेकट्याचं सांगितलं होतं. मग मी, निवृत्त निरीक्षक, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सोळा बाकांपुढे एकेक करून उभा राहिलो. पहिल्याने मान हलवली. दुसरी लाजून टेबलाखाली गेली, तिला मी टेबलाखाली वाकून सॉरी म्हटलं. चौथ्याने विचारलं, कशाबद्दल? तो सभेनंतरचे चार दिवस आजारी होता, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एकीने माफ करायला नकार दिला, तिचे तारे सगळ्यांत जास्त होते. मी म्हटलं, बाई गं, तू बरोबर आहेस, तरी माझं सॉरी ठेवून घे, पुढे मागे विचार बदलला तर. आणि दातपडक्या एका पोराने माझ्याकडे नीट बघून म्हटलं, "माफ करतो, पण मला पण तसला बिनचेहऱ्याचा पाहिजे."

त्यानंतर जे झालं ते काही तुला वर्णन करून सांगत नाही. माझ्याकडे चार बटाटे, एक अंडं, ब्रेडचा तुकडा आणि एक केळं होतं. सतरा मुलांत ते सुईसारख्या तुकड्यांनी वाटलं गेलं आणि मिठाची पुडीसुद्धा चाटून पुसून संपली. फिरकीने तिच्या वाटणीचं खाल्लं, मग माझ्या वाटणीचं खाल्लं, मग म्हणाली मीठ थोडं कमी होतं. चिठ्ठी नाही, तोंडाने.

पोषणबाई दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या मला हाकलणार, आणि मी मनात दोनचार वाक्यं तयार करून ठेवली, फार बोचरी होती, वाया गेली. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मुलगाही घरी खात नाही हो. सात महिने झाले." आणि मग, "तुम्ही उकडताना पाण्यातच मीठ घालता का?" पाण्यातच घालतो, म्हटलं. त्यांनी ते हातावर पेनने लिहून घेतलं. आहारशास्त्रातली पदवी घेतलेल्या बाईने! तरी मी एकही शब्द बोललो नाही. (आता तुला लिहितोय तेवढंच.) सोमवारी मी सतरा बटाटे उकडून नेले आणि त्यांच्यासाठी दोन जास्तीचे. दोन्ही त्यांनी खाल्ले. उभ्यानेच, कपाटाआड.

शिक्षा उठली. तक्ता काढला. फिरकीच्या शेजारी आता त्या ताऱ्यांवाल्या मुलीशिवाय सगळे आळीपाळीने बसतात, आणि तीही परवा एका केळ्यावर नरम पडली. तेव्हा तुझ्या त्या गुळगुळीत पुस्तिकेबद्दल माझा अंतिम अहवाल असा की ती मी टायरवाल्याला दिली. मुलांच्या डब्याच्या चाळीस कल्पना नसतात. तीनचार असतात. बटाटा, अंडं, जाड ब्रेड, ऋतूतलं फळ, कधी काल उरलेला भात दह्यात कालवून. उकडायचं, सोलायचं, मीठ लावायचं. वेळ खरोखर पाच मिनिटं, त्यातली चार आपण नुसतं उभं राहायचं. याहून जास्त कल्पना ज्याच्या डोक्यात येतात त्याच्यावर मूल सोपवू नये, आणि त्यात तुझी ती पिवळ्या ढोबळ्या मिरचीची आगगाडी आली. ती फिरकीला आवडत नाही, ती बोलली नाही तुला कधी, मी सांगतो. (या वेळी तिची परवानगी घेऊन. "हो" असं स्पष्ट म्हणाली आहे.)

पायाला जप. डॉक्टर सांगतील तेवढंच चाल, एक पाऊल जास्त नको. पुढच्या महिन्यात तू परत आलीस की मुलगी तिच्या घरी जाईल, माझ्या घराला शांतता मिळेल, आणि मी पुन्हा सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचायला लागेन. हा सगळा व्याप एकदाचा संपेल म्हणून मी दिवस मोजतो आहे.

तुझा,
दादा

ता. क. बरोबर एक फॉर्म पाठवतो आहे. शाळेने जेवणाच्या सुट्टीत रोज एका घरच्या माणसाला मदतनीस म्हणून बसवायचं ठरवलं आहे, वर्षअखेरपर्यंत. कुणीच पुढे येईना, म्हणून निव्वळ शाळेची अडचण बघून मी नाव दिलं. मी मामा असल्यामुळे आईची सही लागते. लवकर करून पाठव. तू परत आल्यावरही हे चालू राहील, त्याने तुला काही फरक पडू नये. डबाही मीच नेत जाईन, तुला पायावर उभं राहून करायची गरज नाही.

दुसरा ता. क. फॉर्म भरायला मी फिरकीला दिला होता, तिचं अक्षर सुधारावं म्हणून. "मदतनीस होण्याचे कारण" या रकान्यात मी तिला "अनुभव व शिस्त" असं सांगितलं होतं. तिने लिहिलंय, "मामाला एकट्याने जेवायला आवडत नाही." असं मी तिला कधीही म्हणालेलो नाही, तिलाच काय, कुणालाच नाही. दुरुस्त करणार होतो, पण फॉर्मच्या तळाशी "खाडाखोड केलेला अर्ज बाद समजला जाईल" असं स्पष्ट छापलं आहे, आणि नियम म्हणजे नियम. तशीच सही कर.